कागद कुजतो, लेप राहतो

माझी सगळी नोकरी अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एमआयडीसीत गेली. कारखान्याचं काम सोपं होतं: कागदाचे रोल आणायचे, त्यांच्यावर मेण किंवा प्लास्टिक चढवायचं आणि बिस्किटवाल्यांना, पाववाल्यांना, फरसाणवाल्यांना पाठवायचे. मी तपासणी विभागात होते. रोल बाहेर पडण्याआधी त्याचा तुकडा कापून माझ्या टेबलावर यायचा आणि मी सही केल्याशिवाय गाडी भरायची नाही.

या कामाने मला एक सवय लावली. कुठलंही वेष्टन हातात आलं की मला कागद किंवा डबा नंतर दिसतो, त्याच्यावरचा लेप आधी. अन्न टिकतं ते त्या लेपाच्या जोरावर, आणि कचरा मागे उरतो तोही बहुतेक वेळा त्याच्यामुळेच. मधला कागद बिचारा पावसाळाभरात विरून जातो. आज विघटनशील पॉलिमर आणि त्यात मिसळलेले नॅनोकण यांच्याबद्दल वाचते तेव्हा मला हा विषय नवा वाटत नाही. मुंबईच्या उपनगरांनी गेल्या शंभर वर्षांत खाणं कशात बांधलं, याच गोष्टीतलं हे पुढचं पान आहे.

पहिलं पान अक्षरशः पानाचंच. बोरिवली स्टेशनबाहेर आणि गोरेगावच्या बाजारात पाड्यांवरच्या वारली बायका पळसाच्या, सागाच्या पानांचे गठ्ठे घेऊन बसायच्या. पळसाच्या पानांची चोयांनी टाचलेली पत्रावळ आणि द्रोण लग्नकार्याला, सागाच्या पानात मासळी, केळीच्या पानात गजरा. पानावर आमटी वाढली तरी ती झिरपत नाही, याचं आम्हाला कधी नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं होतं. पानाच्या पृष्ठभागावर क्युटिन नावाचा पातळ थर असतो आणि रसायनशास्त्राच्या भाषेत तो पॉलिएस्टर आहे. त्याच्यावर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. विघटनशील पॉलिमर, त्यावर सूक्ष्म कण आणि पाणी अडवणारं कवच, ही आजच्या प्रयोगशाळांना हवी असलेली सगळी रचना झाडाने आयती करून ठेवलेली आहे. पंगत उठली की पत्रावळ गाईपुढे किंवा उकिरड्यावर जायची आणि लेपासकट माती व्हायची.

घरातला लेप म्हणजे कल्हई. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते. म्हणून भांड्याला आतून कथील लावायचं. अंधेरीला आमच्या चाळीसमोर कल्हईवाला भट्टी मांडायचा. भात्याने निखारा फुलवला की भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवायचा. क्षणात काळं भांडं चांदीसारखं व्हायचं. हा थर केसाहूनही कितीतरी पातळ. तो काही महिन्यांत झिजायचा आणि पुन्हा लावला जायचा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लेप कायमचा नव्हता, आणि तो कायमचा असावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

कायमच्या लेपाची वाट कारखान्यातून आली. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ सालचा. आधी तिथे गोळ्या-पेपरमिंट होत, दहा वर्षांनी बिस्किटं सुरू झाली. लोकलमधून जाताना डोळे मिटलेल्या माणसालाही पार्लं आल्याचं भट्टीच्या वासाने कळायचं. बिस्किट भट्टीतून निघतं तेव्हा त्यात जेमतेम दोन-तीन टक्के ओलावा असतो. तो याच्या दुप्पट झाला की बिस्किट मऊ पडतं, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत उघडं बिस्किट मऊ पडायला एक दुपार पुरते. म्हणून ते पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मेणकागदी वेष्टन. पुढे कित्येक वर्षं देशभरच्या लोकांनी पार्ले-जी त्याच कागदातून खाल्लं.

मेणकागद करणं दिसतं तितकं सोपं नाही. वितळलेलं पॅराफिन मेण कागदावर चढवून लगेच थंड रूळावरून न्यावं लागतं. मेण जास्त झालं की घडीवर तडकतं, कमी पडलं की ओल आत शिरते. आमच्या मशीनवर चिपळूणकडचे एक मामा होते. ते चालत्या कागदावरून नख ओढायचे आणि उठलेली रेघ बघून म्हणायचे, ‘‘मॅडम, आज मेण पातळ बसलंय हो.’’ मग मी वर जाऊन वजनकाट्यावर चौरस मीटरला किती ग्रॅम मेण बसलं ते मोजायचे. मामांचं नख बहुतेक वेळा बरोबर असायचं.

मेण पेट्रोलियमचं होतं, पण थर पातळ आणि ठिसूळ. मेणकागद रद्दीवाला घेत नसे. तो चूल पेटवायला वापरत किंवा उकिरड्यात जाई, आणि कागदाचा भाग तरी तिथे कुजे.

त्याआधीच जगात एक गमतीची घटना होऊन गेली होती. ज्याक ब्रँडनबर्गर या स्विस रसायनतज्ज्ञाला डाग न पडणारा टेबलक्लॉथ करायचा होता. कापडावर त्याने लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोजचा लेप दिला. कापड ताठ झालं, लेप सोलून निघाला, आणि तो सोललेला पारदर्शक पापुद्रा म्हणजे सेलोफेन. आपण सगळे त्याला जिलेटिन कागद म्हणत आलो. लाडवाच्या पुडक्यावर, उदबत्तीच्या डब्यावर, गोळ्यांवर तोच चकचकीत कागद. तो झाडापासून झालेला, मातीत जाणारा होता. दोष एकच: वाफ अडवत नव्हता. १९२७ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी त्याच्यावर नायट्रोसेल्युलोज आणि मेणाचा अतिशय पातळ थर दिला, आणि सेलोफेन खाद्यपदार्थांच्या दुकानात शिरलं. नैसर्गिक पापुद्रा पाण्यापुढे हरतो आणि लेपाने जिंकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. आजचा नॅनो लेप सोडवतो तोच प्रश्न आहे.

दुधाची वाट मात्र निराळी होती. गोरेगावची आरे कॉलनी दारा खुरोडींच्या कल्पनेतून उभी राहिली. १९५१ साली पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. शहरातले गोठे हलवून म्हशी एका जागी आणायच्या आणि दूध प्रक्रिया करून बाटलीतून वाटायचं. पहाटे आरेच्या केंद्रावर कार्ड घेऊन रांग लागायची, रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. वर अ‍ॅल्युमिनियमचं पातळ टोपण, त्याच्या रंगावरून दूध कुठलं ते कळायचं. काचेला लेप लागत नाही. आतलं दूध आणि बाटली यांचं एकमेकांशी काहीच होत नाही, आणि बाटली धुऊन परत येते. खुरोडींना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गीज कुरियन यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो दूधपुरवठ्यासाठी. पण त्या पुरवठ्यातली बाटलीची फेरी हीसुद्धा मोठी कामगिरी होती असं मी मानते. पुढे पॉलिथिनची पिशवी आली. ती हलकी, फुटत नाही, धुवायला नको. बाटली गेली आणि फेरीही गेली.

साठचं दशक उपनगरांसाठी उलथापालथीचं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि मरोळ-चकाल्याच्या भातशेतांत शेड उभ्या राहू लागल्या. तुर्भ्याच्या बाजूला, म्हणजे ट्रॉम्बेला, नॅफ्था फोडून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन बनू लागलं. १९६६ साली भारतीय पॅकेजिंग संस्था सुरू झाली आणि अंधेरीच्या एमआयडीसीत तिचं ठाणं झालं. कारण उघड होतं: आपला माल परदेशात पोचेपर्यंत ओला, फुटका, बुरसलेला होत होता. वेष्टन ही अंदाजाची नाही, मोजण्याची गोष्ट आहे हे या संस्थेने आमच्या धंद्याला शिकवलं. आमच्या कारखान्यातली माणसं तिथे छोटे अभ्यासक्रम करून आली, मीही केले. तोपर्यंत चांगला कागद म्हणजे मामांचं नख. त्यानंतर आकडे आले.

ते आकडे मला आजही तोंडपाठ आहेत. कॉब चाचणी: शंभर चौरस सेंटिमीटरच्या कड्यात शंभर मिलिलिटर पाणी, साठ सेकंद, मग टिपून वजन. कागदाने किती पाणी प्यायलं ते कळतं. वाफेची चाचणी: बशीत कोरडं कॅल्शियम क्लोराइड, वर कागद, कडेने मेण ओतून बंद, आणि ती बशी ३८ अंश तापमान व ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात. रोज वजन करायचं. जितकं वाढलं तितकी वाफ आत शिरली. ही उष्ण कटिबंधाची अट आहे. मुंबईचा जुलै ३८ अंशांपर्यंत जात नाही, पण आर्द्रतेत त्या कपाटाशी बरोबरी करतो. युरोपात उत्तम ठरलेले कितीतरी नमुने त्या कपाटात आठवड्यात लोळलेले मी पाहिले आहेत.

पॉलिथिन या सगळ्या परीक्षांत सहज पास व्हायचं. कागदावर पंधरा-वीस मायक्रॉनचा थर दिला की पाणी थांबलं. तेलकट फरसाणाला हवा लागू नये म्हणून धातूचा मुलामा दिलेली पातळ फिल्म आली, आत नायट्रोजन भरला, आणि घाटकोपरची शेव महिनोन्‌महिने टिकू लागली. मेणकागद हळूहळू बंद पडला. पार्ले-जीही प्लास्टिकच्या वेष्टनात गेलं. आमचं मेणाचं मशीन भंगारात काढलं त्या दिवशी मामा निवृत्त होऊन गावी होते, ते बरंच झालं.

त्या पॉलिथिनवर सह्या मीच केल्या आणि त्या खऱ्या होत्या. अन्न खराब होऊन फेकलं जाणं हाही मोठा नाश आहे. या लेपाने तो थांबवला, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण पुढच्या परीक्षेचं कपाट आमच्याकडे नव्हतं. खाऊन झाल्यावर काय, हे कोणी मोजतच नव्हतं.

ते मोजलं २६ जुलै २००५ ने. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार आणि पवईच्या तलावांतून निघालेली मिठी नदी आरे, मरोळ, अंधेरी करत कुर्ल्याकडे जाते. आमच्या शेडमागचा नाला तिलाच मिळायचा. पाणी ओसरल्यावर नाल्याच्या तोंडाशी काय अडकलं होतं ते मी पाहिलं आहे. पुराची कारणं अनेक होती, भराव होते, अतिक्रमणं होती, भरती होती. पण त्या ढिगात कुजलेलं काही नव्हतं, सगळं लेपाचं होतं. पुढच्या वर्षी राज्यात पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी आली.

माझं घर मुलुंडला. इथलं डंपिंग ग्राउंड १९६७ पासून चालू होतं, ते ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं. बोरिवलीकडचं गोराईचं त्याआधीच, २००७ साली. देवनारचं तर १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर सगळ्या पूर्व उपनगरांवर होता. जुने कचऱ्याचे ढीग उकरून चाळतात तेव्हा दोन गोष्टी मुख्यत्वे निघतात. एक काळसर माती, आणि दुसरं प्लास्टिकचे पापुद्रे. भाजी, भात, कापूस, कागद सगळं त्या मातीत गेलेलं असतं. पापुद्रे मात्र जसेच्या तसे असतात. माझ्या शीर्षकाचा पुरावा हाच.

२३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवरची बंदी अमलात आली. लोकांनी कागदी वाट्या, कागदी ग्लास, चंदेरी द्रोण घेतले आणि समाधान मानलं. मला ते समाधान झालं नाही, कारण त्या प्रत्येक कागदाच्या आत पॉलिथिनचा थर होता, आमच्यासारख्याच शेडमध्ये चढवलेला. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपात शंभर मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवून पाहिलं, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरले. अखेर जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकचा लेप दिलेल्या कागदी ताटल्या, वाट्या, पेले यांनाही बंदीत आणलं. माझ्या लेखी हा या इतिहासातला मोठा दिवस. वरच्या वस्तूऐवजी कायद्याने पहिल्यांदा लेपाचं नाव घेतलं. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रमाणित कंपोस्टयोग्य साहित्याला सूट मिळाली आणि विघटनशील लेपासाठी दार उघडलं.

आता खरी अडचण. पॉलिलॅक्टिक आम्ल, स्टार्च, कोळंबीच्या टरफलातून मिळणारं चिटोसान, गवारीच्या बियांचा डिंक, या सगळ्यांचे लेप करता येतात. स्टार्च आणि चिटोसान तेल आणि प्राणवायू चांगला अडवतात. पण पाण्याच्या वाफेपुढे सगळेच कमी पडतात. माझ्या त्या ३८-९० च्या कपाटात पॉलिलॅक्टिक आम्लाची फिल्म पॉलिथिनच्या कित्येक पट वाफ आत सोडते, स्टार्चची तर मऊच पडते. म्हणजे १९२७ च्या सेलोफेनचंच दुखणं.

इथे नॅनोकण येतात, आणि यातला सर्वांत गुणी कण आपल्या पायाखालचा आहे. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती स्मेक्टाइट गटातल्या चिकणमातीमुळे. मॉन्टमोरिलोनाइट हे त्याच गटातलं खनिज. ते थरांचं बनलेलं असतं आणि एकेक थर सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण रुंदीला त्याच्या शेकडो पट. हे थर सुटे करून पॉलिमरमध्ये पसरले तर ते मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढून बसतात, आणि वाफेच्या रेणूला सरळ जाता येत नाही, वळसे घेत जावं लागतं. वाट लांबली की वेळ वाढला. हे गणित नील्सन या शास्त्रज्ञाने १९६७ सालीच मांडलं होतं. ते प्रत्यक्षात आणलं जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी, नायलॉनमध्ये थोडी चिकणमाती मिसळून, तेही गाडीच्या भागासाठी. खाण्याच्या वेष्टनात ती नंतर आली. मेख एवढीच की थर सुटे झाले पाहिजेत. गठ्ठा राहिला तर लेपात खडा पडल्यासारखं होतं, आणि त्या खड्याभोवतीच भेग जाते. आमच्याकडे मेणात धूळ आली तरी हेच व्हायचं.

हे काम दूर कुठे चाललेलं नाही. देवनारच्या ढिगापासून जवळच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अन्नतंत्रज्ञान विभागाने गवारीच्या डिंकात नॅनो चिकणमाती घालून फिल्म बनवल्या. त्यांच्या ताकदीचा आणि वाफ अडवण्याचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, जी १९२४ पासून कापसावर काम करते, नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला, दिवसाला दहा किलो क्षमतेचा. सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून हे नॅनोसेल्युलोज करतात आणि ते लेपाला बळ देतं. अंधेरीत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. मासळीवर चिटोसानचा खाण्याजोगा लेप देऊन ती टिकवण्याचे प्रयोग तिथे होतात. शेजारीच वर्सोव्याचा कोळीवाडा, जिथे कोळंबी सोलून टरफलं टाकून दिली जातात. कापूस, गवार, काळी माती, कोळंबी: हा सगळा कच्चा माल आपल्या घरचा आहे, आणि त्यावर अभ्यास करणारी माणसं दोन लोकलच्या अंतरात बसतात.

तरीही मी आंधळेपणाने सही करणार नाही. चांदीचे नॅनोकण जंतू मारतात म्हणून लेपात घालायची घाई काही ठिकाणी दिसते, ती मला पटत नाही. चिकणमाती आणि सेल्युलोज हे शतकानुशतकं मातीत आणि पोटात जाणारे पदार्थ आहेत, चांदीचं तसं नाही. नियमाप्रमाणे वेष्टनातून अन्नात चौरस डेसिमीटरला एकूण १० मिलिग्रॅमहून जास्त काही उतरता कामा नये. पण हा नियम वजन मोजतो, कण किती लहान आहे ते मोजत नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये नॅनो शेती-निविष्ठा आणि अन्नपदार्थांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, ही सुरुवात चांगली. कंपोस्टयोग्यतेचंही तसंच. प्रमाणपत्रासाठीची चाचणी ५८ अंशांच्या तापत्या कंपोस्टमध्ये होते आणि १८० दिवसांत नव्वद टक्के विघटन मागते. मुलुंडच्या सोसायटीतल्या पिंपात तेवढी ऊब नसते, नाल्यात तर मुळीच नाही. पळसाच्या पत्रावळीला ५८ अंश लागत नव्हते. नव्या लेपाला मी तीच अट लावीन.

आणि शेवटी धंद्याचा प्रश्न. घाटकोपरच्या फरसाणवाल्याला कितीही सांगा, तो एकच विचारतो, ‘‘बेन, हजारला काय भाव?’’ त्याचा प्रश्न रास्त आहे. कथलाच्या कल्हईला भाव होता, मेणकागदाला होता, पॉलिथिनला तर सगळ्यांत कमी होता, म्हणून ते जिंकलं. प्रयोगशाळेत काचेच्या पट्टीवर ओतून वाळवलेली फिल्म आणि मरोळच्या मशीनवर मिनिटाला शंभर मीटर धावणारा कागद यात मोठं अंतर आहे. पाण्यात कालवलेला लेप वाळवायला लांब भट्टी लागते, वीज लागते, चिकणमातीने रूळ झिजतो, कागद कडेने वळतो. हे सोडवणारी माणसं शास्त्रज्ञ नसतात, मामांसारखी असतात. ट्रॉम्बे, माटुंगा आणि वर्सोव्याच्या नमुन्यांचे रोल एखाद्या चालत्या मशीनवर जुलै महिन्यात चढवून बघावेत, त्यात शेव भरावी, आणि तेच रिकामं पाकीट नंतर साध्या मातीत पुरून बघावं. संस्थेतल्या माणसांनी आणि कारखान्यातल्या माणसांनी एका टेबलाशी बसून हे करावं, यासाठी मी निवृत्तीनंतरही ओळखीच्यांना फोन करत असते. दोन लहान कारखानदार मशीनचा रविवार द्यायला तयार आहेत.